‘दुपारची झोप’बद्दल लोक काय म्हणाले

कॅसेट विकली जावो न जावो, मतं मात्र जमतातच. आमची कॅसेट निघाली तेव्हा मला वाटलं होतं, चाळीतली चार माणसं काहीतरी म्हणतील आणि विषय संपेल. तसं झालं नाही. ज्यांनी विकत घेतली ते बोलले, ज्यांनी मागून नेली ते जास्त बोलले आणि ज्यांनी ऐकलीच नाही ते सगळ्यात जास्त बोलले. मी लाजरा माणूस. समोरच्याला थांबवणं मला जमत नाही, त्यामुळे सगळं माझ्याकडेच साठत गेलं. आता मित्र भेटले की म्हणतात, "दिन्या, तो मांडवातला किस्सा सांग ना." सांगतो. पण आधी आम्ही कोण ते सांगायला हवं.

आम्ही तिघं, लालबागच्या एकाच चाळीतले. विलास गिटार वाजवायचा, मी कॅसिओ आणि सुरेखा गायची. शब्दही तिचेच. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा मी नववीत होतो. वडिलांनी शाळेचं नाव काढणं बंद केलं, मीही काढलं नाही आणि दादरच्या एका कॅसेटच्या दुकानात कामाला लागलो. गिऱ्हाईक हवी ती गाणी सांगायचं, आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. पुढे काही वर्षांनी, रविवारी दुपारी दुकान बंद असताना, मालकांच्या परवानगीने आम्ही आमची स्वतःची गाणी भरली. कॅसेटला नाव दिलं ‘दुपारची झोप’.

गाणी अगदी हळू आवाजातली. त्याला कारण आहे. चाळीत एका खोलीत एक घर आणि प्रत्येक घरात कोणीतरी रात्रपाळी करून आलेलं, दिवसा झोपलेलं. सुरेखाचे आप्पा साचेवाले, म्हणजे मिलमध्ये मागावर कापड विणणारे. कायम तिसरी पाळी. ते भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे आणि आम्ही तिघं पोरं खाली चटईवर बसून गाणी म्हणायचो. सुरेखाची आई स्टोव्हला पंपसुद्धा दबकत मारायची. तिथे मोठ्याने गाणार कोण? पुढे संप झाला, मिल बंद पडली, पाळ्या गेल्या. आमचा आवाज मात्र तिथेच राहिला. त्याहून वर गेलो की ते गाणं दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं.

मिल गेल्यापासून आप्पा फारसे बोलत नव्हते. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. सुरेखाने टेप लावला की ते खोलीतून उठून बाहेर जायचे. चाळीत लोक म्हणायचे, बरोबर आहे, घरात दोन वेळची पंचाईत आणि पोरगी गाणी म्हणते, बापाला राग येणारच. सुरेखालाही तसंच वाटायचं. कॅसेट निघाली त्या दिवशी ती मला जिन्यात म्हणाली, "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे रे. आप्पा एकदा बरं म्हणाले की मला पुरे. नाही म्हणाले, तर मी गाणं सोडणार."

ती हे चिडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली.

*

पहिलं मत आमच्या मालकांचं.

मालक तसे दर्दी. दुकानात नवीन कॅसेट आली की आधी स्वतः ऐकायचे, मगच काउंटरवर ठेवायचे. आमची कॅसेट त्यांनी मशीनमध्ये घातली, स्टूल ओढून बसले आणि कान पुढे केला. पहिलं गाणं सुरू झालं. त्यांनी आवाज वाढवला. अजून वाढवला. मग कॅसेट काढली, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मशीनचं हेड पुसलं आणि पुन्हा लावली.

मी मागे कॅसेटच्या पेट्या लावत होतो. त्यांना सांगावं असं फार वाटलं, पण तोंड उघडेना.

त्यांनी दुसऱ्या मशीनवर लावून पाहिली. मग तिसऱ्या. तिसऱ्याचं हेड तर त्यांनी असं घासलं की ते नव्यासारखं चमकायला लागलं. शेवटी चष्मा काढून ते माझ्याकडे वळले आणि मोठ्या समजुतीने म्हणाले, "दिनेश, गाणी बरी आहेत. पण तिन्ही मशीन एकदम कशी बिघडली?"

*

आता मांडवातला.

आमच्या गल्लीतल्या गणपतीचे अध्यक्ष म्हणजे बाळा सावंत. मनाने चांगला माणूस. आपल्या चाळीतल्या पोरांनी कॅसेट काढली म्हटल्यावर ती मांडवात वाजलीच पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. दुपारची आरती झाली, गर्दी ओसरली आणि बाळाभाऊंनी कॅसेट लावली. भोंगे दोन्ही बाजूच्या चाळींवर लावलेले.

काहीच ऐकू येईना. बाळाभाऊंनी बटण फिरवलं. तरी काही नाही. मग त्यांनी ते शेवटपर्यंत फिरवलं. आमच्या दुकानातलं मशीन जुनं, कॅसेट स्वस्तातली, तेव्हा गाण्याच्या मागे टेपची जी खरखर होती ती आधी बाहेर आली. सगळ्या गल्लीवर एकदम सर्रर्र असा आवाज पसरला.

दोन्ही चाळींच्या गॅलऱ्यांत बायका धावत आल्या. दोरीवरचे कपडे ओढले, गाद्या आत घेतल्या. एक आजी पापडांची ताटली डोक्यावर धरून आत पळाली. वर ऊन होतं, चांगलं कडकडीत. पण आवाज ऐकल्यावर वर बघायला कुणाला सुचतंय?

सगळे कपडे आत गेले, गॅलऱ्या रिकाम्या झाल्या आणि त्या रिकाम्या गल्लीत सुरेखाचा आवाज हळूच सुरू झाला. "हळू बोल, भिंतीचा आत्ताच डोळा लागलाय..." मला अजूनही वाटतं, ते गाणं इतकं चांगलं पुन्हा कधी वाजलं नाही.

बाळाभाऊ माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "दिन्या, गाणं चांगलंय. पण विसर्जनाला नको."

आप्पा तेव्हा गॅलरीत खुर्चीवरच होते. अख्खी चाळ इकडून तिकडे पळत असताना ते एकटेच जागचे हलले नव्हते. सुरेखाने खालून ते पाहिलं. ती मला म्हणाली, "बघितलंस? मान वळवूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी."

*

मग विलासने ठरवलं की कॅसेट समीक्षकाकडे न्यायची.

गिरगावात एक वयस्कर गृहस्थ राहायचे, एका मराठी पेपरात संगीतावर लिहायचे. शास्त्रीय संगीतातले. विलास आणि मी त्यांच्या घरी गेलो. मी दारातच उभा राहिलो, विलासच बोलला. त्यांनी कॅसेट घेतली, उलटसुलट करून पाहिली, विचारलं की राग कोणता. विलास म्हणाला, राग नाही, प्रेमाने बनवलंय. ते हसले नाहीत.

पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. पुढच्याच आठवड्यात सदराच्या तळाशी चार ओळी आल्या. त्यातली शेवटची मला पाठ आहे: "गायिकेचा आवाज चांगला असावा. तो ऐकू आला असता, तर खात्रीने सांगता आले असते."

आम्ही तरीही पेपरच्या प्रती घेतल्या. छापून आलं ते आलं. सुरेखा एक प्रत घेऊन घरी गेली, आप्पांसमोर बसली, पेपर तोंडासमोर धरून चारही ओळी वाचून दाखवल्या. शेवटची ओळ वाचताना ती स्वतःच हसत होती. पेपर खाली केला, तर आप्पा तिच्याकडे नुसते बघत होते. ना हसू, ना राग. थोड्या वेळाने म्हणाले, "जेवलीस?"

तिने पेपरची घडी घातली आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. मला हे तिच्या आईने सांगितलं.

*

समीक्षक आणखी एक झाला, तो इंग्रजी.

विलास तेव्हा काळ्या घोड्याजवळ एका जाहिरात कंपनीत प्यून होता. तिथे एक तरुण साहेब होते, केस मानेवर आलेले, एका इंग्रजी मासिकात परदेशी गाण्यांवर लिहायचे. विलासने चहाबरोबर कॅसेटही त्यांच्या टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी साहेबांनी त्याला आत बोलावलं. विलासला वाटलं, नोकरी गेली.

साहेब म्हणाले, हे फार ड्रीमी आहे, हे असं इथे कोणीच करत नाही. मग त्यांनी कागद-पेन घेतलं आणि विचारलं की तुमच्यावर प्रभाव कुणाचा. विलासला प्रश्न कळायला वेळ लागला. हा असा हळू, झोपेतला आवाज तुम्ही शिकलात कुठून, असं साहेबांनी पुन्हा विचारलं.

विलास म्हणाला, "थर्ड शिफ्ट, सर."

साहेबांनी लिहून घेतलं. वर विचारलंही, "लंडनचे का?"

विलासने स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगितलं की नाही सर, लालबागचे. साहेबांना वाटलं, पोरगा अभिमानाने स्वतःबद्दल सांगतोय.

पुढच्या अंकात छापून आलं. चाळीतल्या एका कॉलेजच्या पोराने वाचून अर्थ सांगितला. आमचं खूप कौतुक होतं. आणि म्हटलं होतं की ‘थर्ड शिफ्ट’ या फारशा माहीत नसलेल्या ब्रिटिश बँडची छाप स्पष्ट जाणवते.

विलास खूप दिवस ते सांगून हसायचा. त्याचे वडील स्पिनिंगला होते, त्याच तिसऱ्या पाळीला. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फारशी माहीत नसलेली, हे मात्र साहेबांनी बरोबर लिहिलंय हो."

*

दुकानात बसून मी जे ऐकलं त्यातलं एकच सांगतो.

वरळी कोळीवाड्यातल्या हिरामावशी दादरच्या बाजारात मासळी घेऊन बसायच्या. बाजार उठला की रिकामी टोपली कमरेला लावून दुकानात यायच्या. त्यांना लग्नातली, नाचाची गाणी लागायची. एकदा त्यांना हवी ती कॅसेट नव्हती. मी काय केलं कोण जाणे, आमची पुढे केली. आमची आहे हे काही बोललो नाही.

दोन दिवसांनी त्या आल्या आणि कॅसेट काउंटरवर आपटली. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या की हे गाणं आहे का कुणी कानात चुगली करतंय? घरात लावली तर शेजारीण विचारते, टीव्ही बिघडला का. मी मान खाली घालून त्यांना दुसरी कॅसेट दिली.

त्यानंतर बराच काळ त्या आल्या नाहीत. बाजारातही त्यांची जागा रिकामी. मग कळलं की त्यांचा थोरला मुलगा बोटीवरून गेला तो परत आला नाही. धाकटा त्याच बोटीवर होता, तो आला.

एका दुपारी त्या दुकानात आल्या. टोपली नव्हती. म्हणाल्या, "ती हळू बोलनारी कॅसेट हाय का रं, पोरगी गाते ती?"

मी काढून दिली. मला राहवलं नाही, विचारलं, तुम्हाला तर आवडली नव्हती.

"मला नाय आवडत," त्या म्हणाल्या. "धाकट्याला डोळा लागत नाय. परवा तुझ्या मालकानं इथं लावलेली, तेव्हा तो बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपला. पयल्यांदाच झोपला." आणि कॅसेट पदरात बांधून निघाल्या. दारात थांबून वळल्या. "चांगली नाय हां. चांगली हाय असं कुनाला सांगू नको."

मी हे सुरेखाला सांगितलं. ती म्हणाली, "आप्पांनाही झोप नाही रे. इतकी वर्षं रात्री जागायची सवय, आता रात्रीही नाही आणि दिवसाही नाही." त्या दुपारी आप्पा आडवे झाल्यावर तिने टेप त्यांच्या उशाशी ठेवून लावला. तिची आई सांगत होती, ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहिले. एक बाजू संपली. सुरेखा दुसरी लावायला आली, तर त्यांनी हात वर करून तिच्या केसांवरून फिरवला आणि उठून गॅलरीत गेले.

ती म्हणाली, "नको आहे, हे त्यांनी प्रेमाने सांगितलं."

*

कांबळे मास्तरांचं मत मात्र स्पष्ट होतं.

मास्तर बीडीडी चाळीत राहायचे. तेही मिलमधलेच, पण सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला त्यांची पार्टी उभी राहिली की ढोलकीबरोबर अख्खं मैदान उभं राहायचं. त्यांनी आमची कॅसेट नीट, दोन्ही बाजूंनी ऐकली. असं करणारे तेच एक. मग आम्हाला बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "रागावू नका पोरांनो. आमच्याकडे गाणं म्हणजे बसलेला माणूस उभा राहायला पाहिजे. तुमच्या गाण्याने बसलेला आडवा होतो."

आम्ही मान्य केलं.

त्यानंतर परळला बंद मिलच्या गेटवर कामगार धरणं धरून बसले होते. संप कधीच संपला होता, पण हिशेब मिळाले नव्हते. मास्तरांची पार्टी रोज तिथे गायची. एक दिवस त्यांचा घसा बसला आणि त्यांनी निरोप पाठवला की सुरेखाला घेऊन या.

आम्ही गेलो. समोर सगळी वडलांच्या वयाची माणसं. मागे गेटला कुलूप, आत गवत वाढलेलं. माइक मिळाला, पण तो मास्तरांच्या आवाजाला लावलेला. सुरेखाने सुरू केलं आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पोरी, जरा मोठ्याने!" ती घाबरली. थांबली. मास्तरांकडे बघितलं.

मास्तर उठले. घसा बसलेला, त्यामुळे तेही हळूच बोलले. "तिला तसंच म्हणू द्या. फार दिवस उभे आहोत आपण. बसा जरा."

माणसं बसली. जी उभी होती तीही बसली. काही जणांनी गेटच्या भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले. तिने दोन गाणी म्हटली. टाळ्या झाल्या नाहीत, कारण बरेच जण झोपले होते.

आप्पा त्या गर्दीत नव्हते. आम्ही त्यांना बोलावलं होतं. ते लालबागच्या नाक्यापर्यंत आमच्याबरोबर आले आणि तिथून परत फिरले.

*

विलासच्या घरच्यांनी त्यानंतर खोली विकली आणि ते मालवणजवळच्या त्यांच्या गावी गेले. विलासने नोकरी सोडून जाऊ नये असं मला फार वाटत होतं, पण वडील एकटे पडतील म्हणून तोही गेला. गिटार माझ्याकडे ठेवली. कॅसेट मात्र घेऊन गेला.

एकदा कुणाच्या तरी लग्नाला तो मुंबईत आला. रंग काळवंडलेला, हात राठ झालेले. आम्ही जिन्यात बसलो, नेहमीच्या जागी. मी विचारलं, गावात कॅसेट आवडली का.

"सगळ्यांना आवडली," तो म्हणाला. "भिंतीतल्या देवळीत ठेवलीय. येईल तो हातात घेतो, बघतो, छान आहे म्हणतो. आजी म्हणाली, केवढी हलकी आहे."

"आणि ऐकून काय म्हणाले?"

"वाडीत अजून वीज आलेली नाही."

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "तोंड कशाला पाडतोस? मुंबईत तरी ऐकून कोण छान म्हणालं?"

मग आम्ही हसलो. तो गेल्यावर सुरेखा म्हणाली की गिटारशिवाय कसं करायचं. आणि लगेच म्हणाली, नाहीतरी आता काय करायचंय. तिच्या डोक्यात ते पक्कं होत चाललं होतं. कॅसेट निघून वर्ष झालं होतं आणि आप्पांनी एक शब्द काढला नव्हता. तिने कपाटातला हार्मोनियम आपल्या मावशीकडे पाठवायचं ठरवलं, तिच्या मुलाला शिकायचा होता. गणपती झाले की पाठवणार होती.

*

गणपती झाले. हार्मोनियम बांधून दाराशी ठेवलेला होता. त्याच आठवड्यात तुकारामकाका आले.

तुकारामकाका म्हणजे आप्पांचे साच्यावरचे जोडीदार. मिल गेल्यावर ते साताऱ्याकडे गावी निघून गेले होते, कित्येक वर्षांनी मुंबईत आले. मी दुकानातून जेवायला घरी येत होतो. ते खाली चौकात उभे, वर बघत. आप्पा तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत, कठड्याला टेकून. मला वाटलं, दोघं नुसते एकमेकांकडे बघताहेत.

मग मी नीट पाहिलं. काकांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. वर आप्पांचेही ओठ हलत होते आणि ते हसत होते. मी आप्पांना हसताना कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. चांगला वेळ दोघं बोलत होते, मध्येच हाताने खुणा करत होते आणि चौकात एक शब्द ऐकू येत नव्हता.

मी काकांना विचारलं, हे काय.

"साच्यावर असंच बोलायचं," ते म्हणाले. ते स्वतः फार मोठ्याने बोलत. "इतकी मशिनं चालू. कानाशी येऊन ओरडला तरी कळत नाही. ओठ बघायचे. आम्ही त्या टोकापासून या टोकापर्यंत गप्पा मारायचो."

मी म्हटलं, वर चला, सुरेखाची कॅसेट ऐकवतो. आप्पांनाही बसवू.

काकांनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "शिवरामला कॅसेट ऐकवताय?" वर आप्पांकडे बोट दाखवत ते म्हणाले. "अरे, त्याचे कान साचेखात्यातच राहिले. संपाच्या आधीपासून. तुम्हाला माहीत नाही?"

आम्हाला माहीत नव्हतं. चाळीत कुणालाच नव्हतं. समोरासमोर बोललं की आप्पा बरोबर उत्तर द्यायचे. पाठमोरं बोललं आणि उत्तर आलं नाही, की आम्ही समजायचो, माणूस खचलाय, बोलायची इच्छा नाही.

मी जिना चढून गेलो. सुरेखा साडीला फॉल लावत होती. काका काय म्हणाले ते मी तिला सांगितलं. तिची आई स्टोव्हपाशी बसली होती, ती तशीच बसून राहिली. सुरेखाने सुई साडीत खोचली, उठली आणि गॅलरीत गेली. आप्पांना हाताला धरून आत आणलं, दाराजवळ, जिथे उजेड येतो तिथे खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर जमिनीवर बसली. केस मागे घेतले. आप्पा तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं, काहीतरी वाईट बातमी आहे.

तिने ‘दुपारची झोप’ म्हणायला सुरुवात केली. कॅसिओ नाही, गिटार नाही. नेहमीच्याच आवाजात, चाळीतल्या दुपारच्या. पण प्रत्येक शब्द तोंड नीट उघडून. पहिलं कडवं झालं. आप्पा खुर्चीत पुढे झुकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, त्यांची नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती. त्यांचे ओठही बारीक हलायला लागले होते, तिच्या मागोमाग.

दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फुटला. तिने तोंड भिंतीकडे केलं, पदराने डोळे पुसले, पण गाणं सोडलं नाही, तसंच पुढे नेलं आणि मग पुन्हा समोर वळून शेवटपर्यंत म्हटलं.

गाणं संपलं. खाली चौकात नळाला पाणी आलं होतं, बादल्यांचा आवाज येत होता.

आप्पांनी घसा साफ केला.

"दुसरं कडवं परत म्हण गो," ते म्हणाले. "मधेच तू मान फिरवलीस."